गोव्यात बसून स्पर्धा कायदा कसा शिकावा?

डिचोलीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे चौथे वर्ष चालू आहे, ऐच्छिक विषयांत स्पर्धा कायदा, म्हणजे बाजारातली स्पर्धा टिकवण्यासाठीचा कायदा, आहे. तो घ्यावा का, अर्थशास्त्र कधी शिकलेले नसताना झेपेल का, आणि गोव्यातच वकिली करायची तर त्याचा उपयोग काय? शेवटी जाता जाता एक चौथी ओळ आहे: काकांचे औषधांचे दुकान आहे, त्यांना घाऊक धंद्यात उतरायचे आहे, पण औषध कंपनीचा माणूस म्हणतो, 'आधी औषध विक्रेत्यांच्या संघटनेचे ना-हरकत पत्र आणा.' हे कायद्याला धरून आहे का?

विषय जरूर घ्या. मी याच कायद्यावर कंपन्यांना आणि व्यापारी संघटनांना सल्ला देण्याचे काम करतो, तेव्हा माझे मत थोडे एकतर्फी असणार हे धरून चाला. आणि चौथी ओळ खरे तर सर्वांत वर हवी होती. अर्धा अभ्यासक्रम तिच्यात आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

गूगलपासून सुरुवात करू नका, एवढे मात्र ऐका. नवे विद्यार्थी हमखास तिथेच जातात. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, त्याच महिन्यात प्ले स्टोअरच्या प्रकरणात आणखी 936.44 कोटींचा. नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयता धोरणावरून मेटाला 213.14 कोटींचा. आकडे डोळे दिपवणारे, आदेश लांबलचक, आणि त्यातला युक्तिवाद अशा बाजारांचा, जिथे वापरणारा पैसे देतच नाही. सुरुवातीलाच ते वाचले तर 'मोठ्या कंपन्या वाईट असतात' याखेरीज हाती काही लागत नाही. शिवाय आदेश म्हणजे निकालाचा शेवट नव्हे. प्ले स्टोअरचा तो दंड अपिलात, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात, 2025 मध्ये 216.69 कोटींवर आला. कोणताही आदेश वाचलात की अपिलात त्याचे पुढे काय झाले ते शोधायची सवय लावून घ्या. परीक्षेत आणि नंतर कोर्टात, दोन्हीकडे लाज वाचते.

कायद्याचा सांगाडा दोन-तीन संध्याकाळी बसलात तर डोक्यात बसेल. 1969 चा एमआरटीपी (मक्तेदारी आणि निर्बंधात्मक व्यापार प्रथा) कायदा मोठेपणाकडेच संशयाने बघायचा. उदारीकरणानंतर राघवन समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून 2002 चा स्पर्धा अधिनियम आला. मोठे असणे हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा, असा त्याचा रोख. कोर्टकचेऱ्यांत बरीच वर्षे गेली आणि कलम 3 व 4 प्रत्यक्षात लागू झाली 20 मे 2009 पासून. कंपन्यांच्या विलीनीकरणाची तपासणी 1 जून 2011 पासून. कलम 3 मध्ये स्पर्धा मारणारे करार, कलम 4 मध्ये वर्चस्वाचा गैरवापर, 5 आणि 6 मध्ये विलीनीकरण. चौकशी महासंचालक करतात, निर्णय आयोग देतो.

डिसेंबरात गोव्याचे विमानाचे तिकीट दुप्पट-तिप्पट झाले की लोक मला विचारतात, 'यावर स्पर्धा कायदा नाही का?' नुसते महाग असणे या कायद्यात बसत नाही. दर का वाढला, आणि तो प्रत्येकाने स्वतः वाढवला की एकमेकांना विचारून, हा प्रश्न आहे.

तोच प्रश्न नीट समजण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी हेच देतो.

पहिला एक्सेल क्रॉप केअरचा, मे 2017 चा. गोदामातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. भारतीय अन्न महामंडळाने 2009 मध्ये त्यांची निविदा काढली आणि तीन कंपन्यांनी एकच दर भरला: किलोला 388 रुपये. पैशाचाही फरक नाही. कंपन्यांचे म्हणणे, विकणारे आम्ही चार-पाच, घेणारे मुख्यतः सरकार, दर एकमेकांच्या जवळ जाणारच. न्यायालयाने ते मानले नाही. तिघांचा उत्पादनखर्च वेगळा, कारखाने वेगवेगळ्या ठिकाणी, तरी दर तोच. आणि आधीच्या निविदांतही दर असेच जुळत आले होते. निविदा टाकायला कोण आले होते, हे पाहायला महामंडळाच्या दारावरची अभ्यागतांची नोंदवहीसुद्धा पुराव्यात आली. कायदा शिकताना नजर इथे थांबली पाहिजे. संगनमताचा करार कोणी स्टॅम्प पेपरवर करत नाही. तो वहीतल्या एका ओळीत, हॉटेलच्या बिलात, फोनच्या यादीत सापडतो.

दुसरा निकाल राजस्थान सिलिंडर्सचा, ऑक्टोबर 2018 चा. इंडियन ऑइलने गॅस सिलिंडर खरेदीची निविदा काढली. चाळीसहून अधिक उत्पादकांनी सारखे किंवा जवळजवळ जुळणारे दर भरले. निविदा भरण्याच्या तोंडावर त्यांच्या संघटनेची मुंबईत एका हॉटेलात बैठकही झाली होती. वाचणारा म्हणेल, हे तर पहिल्यापेक्षाही उघड आहे. आयोगाला तसेच वाटले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सगळ्यांना सोडले. का? घेणाऱ्या कंपन्या तीनच, मालाचा नमुना ठरलेला, आणि दर कुठे थांबणार हे खरे तर इंडियन ऑइलच ठरवत असे. अशा बाजारात दर आपोआप जुळू शकतात, तेव्हा नुसत्या जुळण्यावरून संगनमत सिद्ध होत नाही. स्पर्धकांनी मिळून दर ठरवला की स्पर्धेला बाध आलीच, असे कलम 3(3) गृहीत धरते; ते गृहीतक खोडून काढता येते ते असे.

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे गोळ्यांचे प्रकरण, उजवीकडे सिलिंडरचे. विकणारे किती, घेणारे किती, दर कोण ठरवतो, भेटल्याचा पुरावा काय, कंपनीने दिलेले कारण काय. मराठीत लिहा. इंग्रजी निकालातली वाक्ये उतरवून काढली की समजल्याचा भास होतो. आपल्या भाषेत लिहायला बसलात की कुठे समजले नाही ते लगेच दिसते. हे दोन निकाल पोटात गेले की पुढचे अर्धे वाचन हलके होते. व्यक्तिशः मला सिलिंडरचा निकाल थोडा उदार वाटतो. बैठकीचा मुद्दा एवढ्या सहज सुटायला नको होता. तुम्हाला उलट वाटले तर कारणे लिहून काढा, तोच अभ्यास.

आता पुस्तक मिटा आणि आजूबाजूला बघा. हा विषय शिकायला गोवा फार सोयीचा आहे, कारण बाजार लहान आणि धंदेवाले एकमेकांना ओळखतात. पदेर, म्हणजे पाववाला, पाव घेऊन दारात येतो. पावाचा दर वाढला की 'संघटनेने दरवाढीचा निर्णय घेतला' अशी बातमी येते आणि ती वाचून कोणाला काही वाटत नाही. कोणावर आरोप करायचा नाही. अभ्यास म्हणून कलम 3(3) हातात घेऊन ती बातमी वाचा. स्पर्धक एकत्र आले आहेत का? विक्रीचा दर ठरतो आहे का? संघटनेचा ठराव 'करार' ठरतो का? तिन्हींची उत्तरे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच देता येतील. मग बचाव तपासा. पीठ महागले, जळण महागले, हे खरेच आहे. पण खर्च वाढला हे प्रत्येकाने आपापला दर वाढवायचे कारण झाले; सगळ्यांनी मिळून एक दर ठरवायचे नव्हे. संघटना सरकारकडे निवेदन देऊ शकते, अनुदान मागू शकते, भेसळीविरुद्ध नियम करू शकते. दराचा आकडा तिने बोलायचा नाही. छोट्या धंद्यांना या कलमातून सूट नाही. दिल्लीतल्या आयोगाने पदेरांच्या मागे लागावे असे मला मुळीच वाटत नाही, पण कायदा काय म्हणतो आणि आयोग कशाला हात घालतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वकिलाला दोन्ही माहीत हव्यात.

टॅक्सीचा प्रश्न याहून अवघड. 2018 मध्ये गोवामाइल्स हे अ‍ॅप आले तेव्हापासून पर्यटक टॅक्सी संघटनांचा त्याला विरोध आहे, आणि ओला-उबर तर गोव्यात नाहीतच. चहाच्या टेबलावर याचे दोनच पक्ष असतात. स्पर्धा कायद्याने बघितले तर प्रश्नांची रांग लागते. भाडे सरकार अधिसूचनेने ठरवत असेल तर 'दर ठरवला' असे कोणाबद्दल म्हणायचे? हॉटेलच्या दारात बाहेरची गाडी येऊ न देणे हे कलम 3(3) मधले बाजार वाटून घेणे आहे का? संघटना ही कामगार संघटना आहे की उद्योजकांची? या शेवटच्या प्रश्नासाठी मार्च 2017 चा बंगालमधल्या कलाकार-तंत्रज्ञ समन्वय समितीचा निकाल वाचा. 'महाभारत' मालिका बंगालीत डब करून दाखवू नये म्हणून समितीने वाहिन्यांवर दबाव आणला होता. आम्ही कामगारांची संघटना, आम्हाला हा कायदा लागत नाही, हा तिचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. अ‍ॅपची बाजूही तशीच तपासा. ड्रायव्हर एकमेकांशी बोलत नाहीत पण सगळ्यांचे भाडे एकच अ‍ॅप ठरवते, म्हणजे संगनमत का? ओला-उबरविरुद्ध हाच मुद्दा घेऊन कोणी गेले होते. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही, पण माहिती कोणीही देऊ शकतो, स्वतःचे नुकसान दाखवावे लागत नाही, हे मात्र स्पष्ट केले. समीर अग्रवाल या नावाने तो निकाल मिळेल.

सरकारने दर मंजूर केला म्हणून सगळे माफ, असेही समजू नका. सप्टेंबर 2021 च्या बिअर प्रकरणात अनेक राज्यांत दर उत्पादन शुल्क खात्याच्या मंजुरीने ठरायचे. पण मंजुरीला कोणता दर पाठवायचा हे कंपन्या आपसात बोलून ठरवत होत्या. युनायटेड ब्रुअरीजला सुमारे 752 कोटी, कार्ल्सबर्गला सुमारे 121 कोटी दंड झाला. आणि ज्या कंपनीने सर्वांत आधी येऊन सगळे सांगून टाकले तिला पूर्ण माफी मिळाली. कलम 46 एवढ्यासाठीच आहे. कार्टेल, म्हणजे संगनमत करणाऱ्यांची टोळी, बाहेरून फोडणे कठीण, आतला माणूस फुटला की सोपे.

निविदांचे संगनमत हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि सर्वसामान्य वकिलाच्या सर्वांत उपयोगाचा. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांबाबत नागरिक चेतना मंच आयोगाकडे गेला. मे 2018 मध्ये आदेश झाला. वेगवेगळ्या म्हणवणाऱ्या कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून चढवलेल्या निघाल्या. काहींचा तर या धंद्याशी संबंधच नव्हता, त्या नुसत्या संख्या भरायला उभ्या केलेल्या 'डमी' होत्या. कोणत्याही सरकारी खात्याचा कनिष्ठ अभियंता तुम्हाला खाजगीत सांगेल की अशी प्रकरणे ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही. दोन निविदांत शुद्धलेखनाची तीच चूक, अनामत रकमेचे लागोपाठच्या क्रमांकांचे ड्राफ्ट, हरलेल्यालाच पुढे मिळालेले उपकंत्राट. ओळखणे सोपे, सिद्ध करणे हे वकिलाचे काम.

अर्थशास्त्राची भीती सोडा. तुम्हाला समीकरणे मांडायची नाहीत, एक प्रश्न नीट विचारायचा आहे: दर थोडा वाढवला तर गिऱ्हाईक कुठे जाईल? कळंगुटच्या एका हॉटेलाने खोलीचे भाडे पाच-दहा टक्क्यांनी वाढवले आणि ते टिकवले. लोक बागा-कांदोळीला सरकतील हे नक्की. मग ही तिन्ही गावे एकच बाजारपेठ. आता कळंगुट, बागा, कांदोळी इथल्या सगळ्यांनी मिळून वाढवले तर? लोक मोरजीला जातील का? पाळोळेला? जिथे लोक हलायचे थांबतात तिथे 'संबंधित बाजारपेठ'ची हद्द. कलम 4 चे प्रत्येक प्रकरण या हद्दीवर जिंकले किंवा हरले जाते, कारण हद्द लहान आखली की कोणीही दादा ठरतो, मोठी आखली की कोणीच नाही. लवचिकता (दर बदलला की मागणी किती बदलते), पर्यायी वस्तू, केंद्रीकरणाची पातळी (बाजार किती मोजक्या हातांत आहे), एवढे अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातून उचला. महिनाभर पुरे.

2023 ची दुरुस्ती मात्र मूळ अधिनियमाच्या जुन्या प्रतीत सापडणार नाही, म्हणून नवी प्रत घ्या. तिच्यातला एक बदल गोळ्यांच्या प्रकरणाशी जोडून समजून घ्या. त्या प्रकरणात आयोगाने कंपनीच्या एकूण उलाढालीवर दंड काढला आणि एक्सेलला 63.90 कोटी लावले. अपील न्यायाधिकरणाने फक्त त्या गोळ्यांची उलाढाल धरली आणि दंड 2.92 कोटींवर आला. सर्वोच्च न्यायालयानेही तीच रीत योग्य मानली. 2023 मध्ये संसदेने उलाढालीची व्याख्याच बदलली: दंडाची कमाल मर्यादा मोजताना कंपनीची जगभरातली, सर्व वस्तू व सेवांची उलाढाल धरायची. मार्च 2024 पासून तडजोड आणि हमी देऊन प्रकरण मिटवण्याचा मार्गही खुला झाला, कार्टेल वगळून. सप्टेंबर 2024 पासून 2,000 कोटींहून मोठे व्यवहार, भारतात पुरेसा कारभार असेल तर, मालमत्ता-उलाढाल कमी असली तरी मंजुरीला न्यावे लागतात. बाकीचे वाचताना येईल.

गोव्यात उपयोग काय? खरे सांगायचे तर आयोग दिल्लीत, अपील दिल्लीत, आणि मोठे काम दिल्ली-मुंबईच्या मोजक्या फर्मकडे. फक्त या विषयावर पणजीत कार्यालय चालेल असे मी म्हणणार नाही. पण वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांचे वितरक-करार, हॉटेलांचे बुकिंग संकेतस्थळांशी करार, व्यापारी संघटनांची घटना आणि ठराव, ठेकेदारांच्या निविदा, या सगळ्यांत कलम 3 कुठे ना कुठे असते, आणि तो करार तपासणाऱ्याला बहुधा ते दिसत नाही. तिथे तुम्हाला जागा आहे. शिकत असतानाच आयोगाच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करा. महिनाभर दिल्लीत राहण्याचा खर्च अंगावर येतो, पण प्रकरण आतून कसे हलते ते दुसरीकडे कळत नाही. आयोगाचे सगळे आदेश त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यामुळे मिरामारच्या कॉलेजात शिकणाऱ्याला दिल्लीच्या मुलापेक्षा कमी साहित्य मिळते असे आता राहिलेले नाही.

आता काका. हेच प्रकरण गोव्यात झालेले आहे, आणि तुमच्या वर्गात ते कोणी शिकवत नसेल तर नवल आहे. वार्का ड्रगिस्ट अँड केमिस्ट आणि इतर विरुद्ध केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स असोसिएशन, गोवा. तक्रार जुन्या एमआरटीपी काळातली, तो कायदा गेल्यावर आयोगाकडे आली. मुद्दे नेमके हेच: नवा स्टॉकिस्ट (कंपनीचा घाऊक विक्रेता) नेमायला संघटनेचे ना-हरकत पत्र, नवे औषध बाजारात आणायला संघटनेला माहिती-शुल्क, आणि घाऊक-किरकोळ नफ्याचे ठरलेले टक्के. दर नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर घाऊकला 10 आणि किरकोळला 20 टक्के, हे देशभर प्रचलित गणित. जून 2012 मध्ये आयोगाने हे कलम 3 चे उल्लंघन ठरवले, प्रकार बंद करायला सांगितले आणि दोन लाख रुपये दंड केला. ऑक्टोबर 2014 मध्ये, पुरवठा रोखण्याच्या दुसऱ्या प्रकरणात, आयोगाने स्वतःहून चौकशी करून त्याच संघटनेला पुन्हा दहा लाखांवर दंड लावला. दोन्ही आदेश पूर्ण वाचा. मागवलेली पत्रे, सभेची इतिवृत्ते, कंपन्यांचे जबाब, सगळे त्यात आहे.

काकांनी मात्र आदेशाची प्रत घेऊन भांडायला जाऊ नये. आधी कागद हवा. कंपनीला ईमेल करून स्टॉकिस्टपणाचा अर्ज द्यावा आणि नकाराचे कारण लेखी मागावे. तोंडी 'पत्र आणा' म्हणणारा माणूस लेखी तसे क्वचितच देतो. पण उत्तर न येणे, किंवा गोलमोल उत्तर येणे, याचीही तारीखवार फाइल होते. कंपनीला नको असेल तर कोणालाही स्टॉकिस्ट न नेमण्याचा तिला हक्क आहे, आणि परवाना, गोदाम, उधारीची पत अशी कारणे खरी असतील तर प्रकरण तिथेच संपते. संघटनेच्या पत्राची अट दिसली तरच कलम 19 खाली आयोगाकडे माहिती देता येते. शुल्क भरावे लागते, नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते, आणि 2023 च्या दुरुस्तीमुळे कारण घडल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, योग्य कारण असेल तर विलंब माफ होतो. आयोग काकांना नुकसानभरपाई देणार नाही. ती हवी असेल तर उल्लंघन ठरल्यावर अपील न्यायाधिकरणाकडे कलम 53-एन खाली वेगळा अर्ज करावा लागतो. आणि आधीच बंदी घातलेली गोष्ट तोच पक्ष पुन्हा करत असल्याचे दिसले तर कलम 42 उघडा. आदेश मोडल्याबद्दल दिवसाला एक लाखापर्यंत, एकूण दहा कोटींपर्यंत दंड तिथे लिहिलेला आहे.